उलटं बसलेलं गॅस्केट

९ फेब्रुवारी

प्रिय

फोन करू नकोस म्हणालीस म्हणून लिहितोय. "मला तुझा फोनवरचा आवाज नको, लिहायचं तर लिही," असं तू बसच्या दारात उभी राहून म्हणालीस, तेव्हा मागे लोक बॅगा घेऊन खोळंबले होते. नाहीतर मी काहीतरी बोललो असतो. काय बोललो असतो ते आता आठवत नाही.

लिहिण्यासारखं विशेष काही नाही. गाडी बंद पडली.

तुला सोडून परत येताना पुलाच्या चढावर तापमानाचा काटा तांबड्यात गेला. मला तो दिसत होता. दिसत असूनही मी चालवत राहिलो. घाई नव्हती, घरी कुणी वाट बघत नव्हतं, बाजूला घ्यायला जागाही होती. तरी थांबलो नाही. घराच्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली आणि इंजिन धापा टाकत बंद पडलं. समोरच्या शिंप्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने ढकलून शेडमध्ये लावून दिली.

दुसऱ्या दिवशी वर्कशॉपवाला येऊन बघून गेला. ऑइल तपासायची पट्टी त्याने बाहेर काढली तर तिला दुधाळ चहासारखं काहीतरी लागलं होतं. ऑइलमध्ये पाणी मिसळलंय म्हणाला. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्या मधे एक पातळ गॅस्केट असतं, ते जळलंय. "भंगारात द्या साहेब. हिच्या दुरूस्तीत जीव घालण्यात अर्थ नाही."

मी म्हणालो, मी स्वतः करतो.

तो हसला नाही. "आधी कधी केलंय?" विचारलं. मी म्हणालो, पंक्चर काढलंय.

रजा अजून शिल्लक आहे. तुझ्याबरोबर घरी राहण्यासाठी घेतलेली, आता एकट्याची झाली. कपाटात गाडीबरोबर आलेलं दुरूस्तीचं जाड पुस्तक सापडलं, वरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. आज सकाळी हेड उघडलं. पुस्तकात पहिल्याच ओळीत लिहिलंय की आधी पाणी काढून टाका. मी ती ओळ वाचली आणि पुढची वाचायला लागलो. पाणी काढायचं राहूनच गेलं. हेड उचललं तसं सगळं पाणी भसकन खाली आलं, पायजमा ओला, चपला ओल्या, शेडमध्ये तळं. मी त्या तळ्यात बराच वेळ उभा होतो.

जेवतोय. झोपतोय. आतली छोटी खोली बंदच ठेवली आहे.

ताईंना नमस्कार सांग.

मी


१५ फेब्रुवारी

प्रिय, (स्वल्पविराम घातला आहे.)

पाकीट आलं तेव्हा पोस्टमनसमोरच फोडलं. आत माझंच पत्र होतं. तांबड्या शाईने तपासलेलं. 'दुरूस्ती'ला दोन्ही ठिकाणी गोल, वर 'रु ऱ्हस्व'. 'प्रिय'च्या पुढे स्वल्पविराम. आणखी काही नाही. शेरासुद्धा नाही. वर्गातल्या पोरांना तरी तू 'अक्षर सुधारा' एवढं लिहितेस.

पण उघडून वाचलंस, पेन घेतलंस, पाकिटावर पत्ता लिहिलास. मला तेवढं पुरलं. आमच्या ऑफिसच्या दारावर 'लिफ्ट दुरूस्ती विभाग' असं इतकी वर्षं चुकीचंच लिहिलंय, हे मला या वयात कळलं.

इंजिन आता निम्मं उघडलंय. नट, बोल्ट, वॉशर, क्लिपा, जे हाताला येईल ते एका टबात टाकत गेलो. आज बघितलं तर सगळ्यांचं कालवण झालंय. कुठला बोल्ट कुठून निघाला, काही पत्ता नाही. काही लांब आहेत, काही आखूड, काही सारखे दिसतात पण सारखे नाहीत.

टब पिवळा आहे. तू ओळखलं असशील. छोट्या खोलीत गेलो नव्हतो. तो मोरीच्या बाहेर होता, तू धुऊन उपडा ठेवला होतास, इस्पितळात जाण्याच्या आदल्या आठवड्यात. शेडमध्ये काहीतरी पसरट भांडं हवं होतं, मी उचलला, चालत गेलो, त्यात ऑइलने माखलेले बोल्ट टाकले. तिच्या आंघोळीसाठी आणलेला टब आहे हे मला माहीत होतं. माहीत असूनही काही वाटलं नाही.

तुला राग येईल म्हणून हे लिहिणार नव्हतो. पण मला आला नाही, निदान तुला तरी येऊ दे.

मी


२२ फेब्रुवारी

प्रिय,

या वेळी एकच गोल. सुधारतोय म्हणायचं. टबाबद्दल तू काही लिहिलं नाहीस. मी तो रॉकेलने आणि मग साबणाने धुतला. पिवळा रंग पूर्ण आला नाही.

आई आली होती. रिकामं घर बघून तिने आधी भांडी घासली. मग शेडच्या दारात स्टूल टाकून बसली आणि मी काम करत असताना माझ्या पाठीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "तरुण आहात अजून. दुसरं होईल."

मी म्हणालो, "आई, दहाचा पाना दे."

"मी काय म्हणतेय?"

"ऐकलं. तो चपटा, तुझ्या पायाजवळचा."

तिने दिला. मग म्हणाली, "तुझे वडील गेले तेव्हा तूही असाच होतास. पंखे साफ करत बसला होतास. घरातले सगळे." मला हे आठवत नाही. संध्याकाळच्या गाडीने ती गेली. जाताना तुझ्याबद्दल विचारलं, मी म्हणालो पत्र येतं. खोटं नाही ते.

आता चूक क्रमांक किती ते मी मोजत नाही, पण ही मोठी आहे. पुढच्या झाकणाचा एक बोल्ट बसवत होतो. बसेना. मला वाटलं गंज असेल. लांब दांड्याचा पाना लावला, जोर दिला, आणखी दिला. एकदम सैल झाला. बरं वाटलं क्षणभर. बाहेर काढला तर बोल्टाच्या आट्यांत चांदीसारखा चुरा. आखूड बोल्टाच्या जागी लांब बोल्ट घातला होता, तो तळाला टेकला होता, आणि मी भोकातले आटे खरवडून काढले.

पार्टच्या दुकानात गेलो. दुकानदाराला आता मी पाठ झालोय. पायरी चढायच्या आत विचारतो, "आज काय तोडलंत?"

सांगितलं. त्याने डोक्याला हात लावला नाही, उलट खुशीत आला. काउंटरवर एक पुठ्ठा ठेवला, स्केचपेनने त्यावर झाकणाचा आकार काढला, कडेने भोकं पाडली. "प्रत्येक बोल्ट जिथून निघाला त्या भोकात खोचायचा. नकाशाच झाला बघा. मी पहिलं इंजिन उघडलं तेव्हा सगळे बोल्ट सासऱ्यांच्या टोपीत ठेवले होते."

"मग?"

"मग काय, सासऱ्यांनी टोपी घातली."

तो पोट धरून हसला. मीही तोंड तसं केलं. हसताना तोंड कसं करतात ते येतं अजून.

खराब भोकात नवीन आट्यांची स्प्रिंग बसवून मिळाली. घरी येऊन पुठ्ठ्याचा नकाशा केला आणि टबातला एकेक बोल्ट मापून, पुस्तकातल्या चित्राशी ताडून त्यात खोचला. शेवटी टब रिकामा झाला. मोरीबाहेर जिथे होता तिथे उपडा ठेवला आहे.

मी


३ मार्च

प्रिय,

रजा संपली. ऑफिसला जातोय. कुणी काही विचारत नाही, चहा मात्र आपणहून आणून देतात. माझ्या खुर्चीवर नवी उशी ठेवलीय. कुणी ठेवली ते माहीत नाही.

काल दुपारी एक फोन आला. सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मधे अडकलेली बाई, बरोबर लहान मुलगी. मी नेहमीचं सुरू केलं. घाबरू नका, आत हवा येते, आमचा माणूस निघालाय, दार ओढू नका, फोन चालू ठेवा. बाई म्हणाली, "अहो, हे तुम्ही पाठ केलंय ना? काहीतरी वेगळं बोला हो. पोरगी घाबरलीय."

तू हेच म्हणाली होतीस. 'तू माझ्याशी लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईशी बोलतोस तसा बोलतोस.' इस्पितळातून आल्यावर मी तुला खरंच म्हणालो होतो, सगळं ठीक होईल, खोल श्वास घे. अगदी त्याच आवाजात. माझा दुसरा आवाज कुठला आहे तेच सापडत नव्हतं.

मग त्या बाईला मी चिंधीची गोष्ट सांगितली. तुलाही तीच सांगणार होतो.

इंजिनाला हवा आत घेण्याचं एक तोंड असतं. काम करताना त्यात काही पडू नये म्हणून मी चिंधी कोंबून ठेवली होती. गेल्या आठवड्यात सगळं जोडून झालं. हेड बसलं, पट्टा बसला, ऑइल भरलं, पाणी भरलं. किल्ली फिरवली. इंजिन फिरलं, पण सुरू होईना. पुन्हा, पुन्हा. बॅटरी उतरली. ती चार्ज करून आणली. प्लग काढून साफ केले. पेट्रोल येतंय का बघितलं. दोन संध्याकाळी गेल्या. आणि मग झाडू मारताना लक्षात आलं की मी चिंध्या चार फाडल्या होत्या, जमिनीवर तीनच आहेत.

बाई हसायला लागली. मग मुलीला सांगायला लागली, "ऐक, या काकांनी ना, गाडीच्या नाकात बोळा घातला." मुलीचा आवाज आला, "का?" मी म्हणालो, "विसरलो." ती म्हणाली, "मग गाडी मेली?" मी म्हणालो, "नाही. काढला बोळा." तेवढ्यात आमचा माणूस पोचला आणि दार उघडलं. मुलीने फोनमध्ये 'बाय' म्हटलं.

शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे भरले होते. माझे नाही. मी कंप्लेंट बंद केल्याची नोंद केली आणि पुढचा फोन घेतला. हे तुला सांगायला हवं असं वाटलं. लोकांना माझ्याऐवजी रडावं लागतंय.

चिंधी निम्मी आत खेचली गेली होती. लांब चिमट्याने सगळी निघाली. बॅटरी पुन्हा उतरलीय, चार्जिंगला दिलीय. आता काही झाकायला घेतलं की चिंधीला लांब दोरी बांधतो आणि दोरी स्टिअरिंगला अडकवतो. दोरी दिसते तोवर किल्लीला हात लावायचा नाही.

मी


५ मार्च

प्रिय,

आज इंजिन सुरू झालं. शिंपी दुकानातून धावत आला, टाळ्या वाजवल्या.

थोडा वेळ चाललं. मग वरून खडखड आवाज यायला लागला, आणि ऑइलचा दिवा लागला. बंद केलं.

या वेळी दिवा बघितला आणि लगेच बंद केलं, एवढंच चांगलं.

मी


१३ मार्च

प्रिय,

पुन्हा सगळं उघडलं. बोल्ट पुठ्ठ्यात, चिंधीला दोरी, पाणी आधी काढलं. हात आता पुस्तकाशिवाय चालतात. हेड उचललं आणि बघितलं तर नवंकोरं गॅस्केट उलटं बसलं होतं.

त्याच्या एका कोपऱ्यात चक्क 'वरची बाजू' असं लिहिलेलं असतं. मी ते खाली तोंड करून बसवलं होतं. ऑइल वर जाण्याचं जे भोक, त्यावर गॅस्केटचा पत्रा आला होता. खाली ऑइल भरपूर, वर थेंब नाही. आणखी थोडं चालवलं असतं तर वरचं सगळं कोरडं घासून जाम झालं असतं.

दुकानात गेलो. या वेळी त्याने 'आज काय तोडलंत' विचारलं नाही. चेहऱ्यावर दिसलं असणार. मी उलटं गॅस्केट काउंटरवर ठेवलं. त्याने ते बोटाने फिरवून बघितलं आणि म्हणाला, "सापडली ना? मग सुटलात. चूक सापडत नाही तेव्हा खरी पंचाईत."

मी तिथून नवीन गॅस्केट न घेताच बाहेर आलो. रस्ता ओलांडला, पलीकडच्या बाकावर बसलो.

तुला आठवतं, आपण तिसऱ्यांदा डॉक्टरबाईंकडे गेलो होतो? सगळं झाल्यावर. सगळे रिपोर्ट आल्यावर. तू एकही प्रश्न विचारला नाहीस, मीच विचारत होतो. खाण्यात काही आलं का, पायऱ्या चढल्याने झालं का, आम्ही आधी यायला हवं होतं का. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "कुणाचीही चूक नाही. नऊ महिने सगळं नीट असतं आणि कधी कधी असं होतं. कारण सापडत नाही."

तू मान हलवलीस. मला ते पटलं नाही. मी बाहेर आल्यावर तुला म्हणालो, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. तू म्हणालीस, कशाला. मी म्हणालो, कारण कळायला नको? तू म्हणालीस, "तुला कुणाला तरी पकडायचंय." त्यानंतर तू ताईंकडे जायचं ठरवलंस. मला आता वाटतं, तुला तेव्हा भीती वाटली असेल की पकडता पकडता मी तुझ्यापर्यंत येईन. खरं सांगतो, तसं मनात आलं नाही. मी गाडीपर्यंत आलो होतो. त्या दिवशी गाडीने उशीर केला का, एवढंच डोक्यात घोळवत होतो. पण गाडी त्या सकाळी एका किल्लीत सुरू झाली होती. एकही सिग्नल लागला नाही. तू मागच्या सीटवर म्हणालीस, "आज हलत नाहीये ती," आणि मी म्हणालो, "झोपली असेल." त्याआधीच सगळं होऊन गेलं होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी महिनाभर इंजिन उघडतोय. चार वेळा बिघडवलं, चारही वेळा का बिघडलं ते कळलं. पाणी काढलं नाही, बोल्ट चुकला, चिंधी राहिली, गॅस्केट उलटं. प्रत्येक वेळी मीच. किती सोपं आहे ते. त्या बाकावर बसून मला पहिल्यांदा कळलं, तिच्या बाबतीत असं काही नाही. उघडून बघायला काही नाही. मी शोधायचं थांबवतोय, हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

मग उठलो, परत जाऊन गॅस्केट घेतलं. दुकानदाराने वरच्या बाजूला स्केचपेनने मोठा बाण काढून दिला.

मी


१९ मार्च

प्रिय,

गाडी चालतेय. हेडचे बोल्ट या वेळी टॉर्क पान्याने आवळले, ठरलेला जोर आला की तो 'कट्' वाजतो. मधल्या बोल्टापासून सुरुवात करून कडेकडेने बाहेर जायचं, एकदम नाही, तीन फेऱ्यांत थोडं थोडं. घाईने एकाच कोपऱ्यात आवळलं की हेड वाकतं.

रोज ऑफिसला नेतोय. रोज थांबून पाणी बघतो, ऑइल बघतो. शिंप्याने पहिल्या फेरीत बसायला नकार दिला, दुसऱ्या फेरीत बसला.

शेवटच्या पत्रावर तांबड्या शाईत एकही गोल नव्हता. नुसतं परत आलं. चुका नव्हत्या म्हणून, की तू तपासलं नाहीस, ते कळलं नाही.

रविवारी येतो. ताईंच्या घरी वर येणार नाही. खाली थांबेन. तुला यायचं असेल तर ये, नसेल तर पाणी पिऊन परत जाईन.

मी


२३ मार्च

प्रिय,

हे पत्र तुला डाकेने येणार नाही. तुमच्या गावाकडे जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे देतोय, ताईंच्या घराचा पत्ता सांगितलाय. तो म्हणाला, दारात देतो, काळजी नको.

मी निम्म्या रस्त्यात आहे. गाडी पुन्हा बंद पडली.

घाट संपल्यावर काटा वर सरकायला लागला. तांबड्यापर्यंत जाऊ दिला नाही, बाजूला घेतली, बंद केली. बॉनेट उघडलं तर रेडिएटरचा वरचा पाइप निसटून फाटला होता. त्याची क्लिप आवळायची राहिली होती. हाताने फिरवली होती, पान्याने नंतर आवळू म्हणून. 'नंतर' विसरलो. एवढं सगळं शिकून क्लिप राहिली.

मी नुसता उभा होतो. एक गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. नवराबायको होते. तो उतरला, बघितलं, म्हणाला, "गार पाणी लगेच ओतू नका, तडकेल." बायको मागून म्हणाली, "हे कोमट आहे," आणि एक थर्मास घेऊन आली. मी म्हणालो, राहू द्या, तुम्हाला लागेल. ती म्हणाली, "बाळाच्या दुधासाठी ठेवलं होतं, पण आता घर जवळ आलंय." मागच्या सीटवर बाळ होतं. टोपी घातलेलं. माझ्याकडे बघत होतं, काही कारण नसताना, अगदी गंभीरपणे.

थर्मासचं झाकण मला उघडेना. ती म्हणाली, "उलटं फिरवताय, दादा." तिने उघडून दिलं. पाइप फाटलेला, त्यामुळे पाण्याचा उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. तरी मी ते ओतलं. ते सगळं खाली रस्त्यावर गेलं. तिने रिकामा थर्मास परत घेतला. पुढे वर्कशॉप आहे, टेम्पो पाठवतो म्हणाले आणि गेले.

मग मला रडू आलं. रस्त्याकडेला बंपरवर बसून. ट्रक जात होते, कुणी बघत होतं, कुणी नाही. असं रडणं मला येतं हे माहीत नव्हतं. आवाजसुद्धा माझा वाटत नव्हता. टेम्पोवाला आला तेव्हाही थांबलं नव्हतं, त्याने मला काही न विचारता गाडीला दोर बांधला.

आता वर्कशॉपच्या मागच्या खोलीत आहे. पाइप शहरातून मागवलाय, यायला दोनतीन दिवस लागतील. खाट आहे, पंखा आहे. लोक बरे आहेत.

एक विचारायचं आहे. त्या दिवशी तू आत होतीस आणि मी खाली काउंटरवर कागदांवर सह्या करत होतो. वर आलो तोवर तिला घेऊन गेले होते. तू तिला बघितलंस. मी नाही. कशी होती ती? इतके दिवस विचारलं नाही. तुला त्रास होईल म्हणून, असं मी स्वतःला सांगत होतो. मला ऐकवलं नसतं, हे खरं.

सांगावंसं वाटलं तर सांग. कंडक्टर परवा परतीच्या फेरीला इथेच चहाला थांबतो.

मी


२४ मार्च

तुला,

कंडक्टरने पत्र दारात नाही, माझ्या हातात दिलं. "उत्तर द्यायचंय का, उद्या नेतो," म्हणाला. म्हणून हे.

ती जड होती. मला वाटलं नव्हतं इतकी जड असेल. नर्सने हिरव्या कापडात गुंडाळून दिली तेव्हा माझा हात खाली गेला, आणि नर्स म्हणाली, "सांभाळा." मला त्या शब्दाचं हसू आलं आणि लाज वाटली.

केस भरपूर होते. ओले, कपाळाला चिकटलेले, काळेभोर. मी ते बोटाने मागे केले. उजव्या कानाची पाळी वरून दुमडलेली होती, तुझी आहे तशी. मी ती सरळ करून बघितली, पुन्हा दुमडली. नाक कुणाचं ते कळलं नाही. तुझ्या आईचं असावं. त्यांना हे सांगू नकोस, किंवा सांग. नखं वाढली होती, मला वाटलं कापायला हवीत. ओठ जांभळे होते. बाकी चेहरा झोपलेल्या माणसाचा असतो तसाच. तिच्या मुठीत मी माझं बोट घातलं. तिने धरलं नाही. पण मूठ एवढीशी, आणि आत ऊब होती. ती माझीच असणार.

मी तिच्याशी बोललेसुद्धा. काय ते लिहून होणार नाही.

मी वाट बघत होते तू वर येण्याची. नर्सला दोनदा म्हटलं, थोडं थांबा, त्याला बघू दे. ती थांबली, मग तिला थांबता येईना. तू आलास आणि पहिलं वाक्य बोललास ते, "सगळे कागद झाले." मला तुझा गळा धरावासा वाटला. तुझी चूक नव्हती ती. त्या वेळी कुणीतरी हवं होतं, तू समोर होतास.

तू कधी विचारलं नाहीस, तेव्हा मला वाटलं तुला नकोच आहे ती. म्हणून मी ती माझ्या एकटीजवळ ठेवली. ताईलासुद्धा कानाचं सांगितलेलं नाही.

ताई म्हणतेय, तो येईल ना गाडी झाली की, तू कशाला तंगडतोड करतेस. मी परवा सकाळच्या बसने येतेय. घरी परत येतेय असं धरून चालू नकोस, ते मलाच अजून माहीत नाही. सध्या तू आहेस तिथपर्यंत येतेय.

ते वर्कशॉप मला बसमधून ओळखता येणार नाही. रस्त्याच्या कडेला येऊन उभा राहा.